जिद्दीचं कौतुक पुरे

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात भिवंडीची एक बातमी ठरलेली असते: यंत्रमाग कामगाराच्या मुलीला नव्वदच्या वर टक्के. सोबत फोटो. आई पेढा भरवतेय, वडील बाजूला अवघडून उभे, मागे भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर. बातमीत दहा बाय दहाच्या खोलीचा उल्लेख येतो, मागांच्या खडखडाटाचा येतो, आणि शेवटी मुलीच्या तोंडी एक वाक्य असतं की जिद्द असेल तर काहीच अशक्य नाही. ती खरंच तसं म्हणाली असेल, किंवा वार्ताहरानं तिच्याकडून वदवून घेतलं असेल. तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. गुण तिचे आहेत, आणि ते मिळवताना काय सोसलं हे तिलाच ठाऊक. माझी तक्रार त्या बातमीचं पुढे जे केलं जातं त्याबद्दल आहे.

पुढे ती बातमी पुरावा म्हणून वापरली जाते. जून-जुलैत गुणगौरव समारंभ होतात, डिसेंबर-जानेवारीत दहावीच्या मुलांसाठी मार्गदर्शन शिबिरं होतात, आणि व्यासपीठावरचा पाहुणा सतरंजीवर बसलेल्या मुलांना विचारतो, तिला जमलं, मग तुम्हाला का जमू नये? उत्तरही त्याच्याचकडे तयार असतं. तुमच्यात आग नाही. स्वप्न मोठं बघा, मोबाइल बाजूला ठेवा, पहाटे चारला उठा. टाळ्या होतात, शाल-श्रीफळ होतं, पाहुणे पुढच्या शाळेकडे निघतात. मुलं घरी जातात ती आपल्यात काहीतरी कमी आहे हे ऐकून.

ही मांडणी मला साफ नामंजूर आहे. भिवंडीत पोरांकडे जिद्दीचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो अभ्यास कसा करायचा हे बसून शिकवणाऱ्याचा, आणि तो करायला लागणाऱ्या जागेचा नि वेळेचा. जे मुबलक आहे त्याचीच भाषणं देत राहायचं आणि जे नाही त्याचं नावही काढायचं नाही, हा उद्योग आता थांबायला हवा.

आधी त्या बातमीचाच हिशेब करू. मुलगी शांतीनगरातली असेल, पद्मानगरातली असेल नाहीतर नारपोलीची. त्याच गल्लीतली, तशाच खोलीत राहणारी, त्याच शाळेत जाणारी आणखी मुलं त्या वर्षी परीक्षेला बसलेली असतात. कुणाला पंचेचाळीस टक्के पडतात, कुणाचं गणित राहतं, कुणी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेला असतो. त्यांच्या घरी वार्ताहर जात नाही, त्यांची जिद्द किती होती हे कुणी विचारत नाही. ज्यांना लॉटरी लागली त्यांनाच गाठून विचारलं, तर सगळ्यांनी तिकीट काढलेलं निघणारच. म्हणून तिकीट काढलं की लॉटरी लागते असं कुणी शहाणा म्हणत नाही. जिद्दीच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत तसं म्हणतो. मी कामतघरच्या बाजूला काही वर्षं दहावीच्या मुलांचा अभ्यास घेत आलोय. गणितात पस्तीस गाठता न आलेल्या मुलांत रात्री साडेबारा-एकपर्यंत वही घेऊन बसणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना आळशी म्हणणाऱ्यानं एकदा त्यांच्या शेजारी बसून बघावं.

इथे व्यासपीठावरून हुकमाचं पान टाकलं जातं: बाबासाहेब. त्यांच्याकडे काय होतं? तरी झाले ना जगातले मोठे विद्वान? बाबासाहेबांच्या अभ्यासाच्या कथा सांगायच्याच असतील तर पुऱ्या सांगाव्यात. परळच्या चाळीतल्या एका खोलीत आंबेडकरांचं बिऱ्हाड होतं. झोपायला जागा पुरत नसे. म्हणून वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमाला उठवत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी त्यांनी लग्न झालेल्या लेकींकडे हात पसरला. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या या मुलाच्या मागे कृष्णाजी अर्जुन केळुसकर उभे राहिले. त्यांनी आधी पुस्तकं दिली आणि पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द टाकला. बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची वाट खुली झाली. अर्धवट राहिलेलं लंडनचं शिक्षण पुरं करताना शाहू महाराजांनी हात दिला. असामान्य बुद्धी आणि अफाट कष्ट होतेच, ते कोण नाकारतो? पण त्या कष्टांना रात्री दोन वाजता जागा करून देणारा बाप होता, पुस्तक देणारा शिक्षक होता आणि पैसे देणारं संस्थान होतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हे सगळं भोगलेल्या माणसानं पुढे पोरांना काय दिलं? सोलापुरात वसतिगृह काढलं. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, आणि नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग लावली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पाच वर्षांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीला आणलं. जोतीराव-सावित्रीबाईंनी तर १८५५ मध्येच दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा उघडली होती. भाषणं हीही मंडळी करत. पण त्यांच्या भाषणाआधी खोली, दिवा, भाकरी आणि वेळापत्रक यांची सोय झालेली असे. त्यांचे फोटो मागे लावून त्यांच्या कामाच्या नेमकं उलटं बोलणं हे आपल्या मार्गदर्शन शिबिरांचं वैशिष्ट्य आहे.

हल्ली समोरची बाजू नुसत्या किश्शांवर थांबत नाही. पडद्यावर चित्रं दाखवली जातात, 'ग्रोथ माइंडसेट'चं नाव घेतलं जातं, मेंदूचा फोटो असतो. विज्ञानानं सिद्ध झालंय, असं ठासून सांगितलं जातं. मग विज्ञान काय म्हणतं तेही बघू. कॅरल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा मूळ विचार मोलाचा आहे: बुद्धी जन्मतः ठरून गेलेली नसते, ती वाढते, असं मानणारं मूल अवघड गोष्टीपासून पळत नाही. पण २०१८ साली याविषयीचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले गेले तेव्हा अशा मानसिकतेचा आणि गुणांचा संबंध अगदी क्षीण निघाला, आणि मुलांची मानसिकता बदलण्याच्या प्रयोगांचा परिणाम त्याहून क्षीण. दुसऱ्या वर्षी 'नेचर'मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या बारा हजारांवर मुलांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मागे पडलेल्या मुलांच्या सरासरीत थोडी वाढ दिसली, चारपैकी सुमारे ०.१ गुणांकाची. तीही जास्त करून अशा शाळांत, जिथे अवघड प्रश्नाला भिडणं ही वर्गातली रीतच होती. ज्यांनी ही कल्पना मांडली त्यांच्याच प्रयोगाचा हा अर्थ आहे: बी चांगलं असलं तरी जमीन लागते. आमच्याकडचा पाहुणा मात्र जमिनीचा भाग गाळून फक्त बियाण्याचं पाकीट विकतो.

आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही. 'मला जमेल' हा विश्वास आणि प्रत्यक्ष गुण यांचा संबंध घट्ट असतो, हे खरं. पण कोण कुणाच्या मागे येतं? २०१८ मध्येच, मुलांना काही काळाच्या अंतरानं पुन्हा पुन्हा मोजलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा झाला. त्यात आधीचे गुण पुढच्या विश्वासाला जितकं वळण देतात, तितकं आधीचा विश्वास पुढच्या गुणांना देत नाही, असं दिसलं. मास्तरकी केलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. वर्गसमीकरण पहिल्यांदा स्वतःच्या हातानं सुटलेल्या पोराला दुसरं सोडवायला सांगावं लागत नाही, तो स्वतःच मागतो. आपल्याला येतंय ही जाणीव हाच माणसाच्या आतल्या प्रेरणेचा एक मुख्य झरा आहे, असं डेसी आणि रायन या दोघांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून मांडलं आहे. ज्याला काहीच येत नाही त्याच्यासमोर प्रेरणेचं भाषण करणं म्हणजे घोडागाडी उलटी जुंपणं.

मग येत का नाही? इथे अभ्यासाच्या पद्धतीचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते सगळं घोडं इथेच पेंड खातं.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या मुलांतला एक सांगतो. विज्ञानाच्या पहिल्या भागाचं पुस्तक त्यानं इतक्या निष्ठेनं रंगवलं होतं की गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात कोरी ओळ शोधावी लागे. व्याख्या पिवळ्या, नियम गुलाबी, सूत्रांभोवती हिरव्या चौकटी. धडा झाला का विचारलं तर म्हणाला, "झाला सर, पाठ आहे. सात वेळा वाचलाय." मी पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "केप्लरचा दुसरा नियम सांग." तो थोडा वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, तो उजव्या पानावर आहे, वरती, ती लंबवर्तुळाची आकृती आहे ना, तिच्या बाजूला. गुलाबी केलाय." अगदी बरोबर होतं. नियम कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. नियम काय आहे ते येत नव्हतं. पान ओळखीचं झालं होतं आणि ओळखीलाच तो आठवण समजत होता.

या मुलाच्या जिद्दीत कमतरता होती असं कोण म्हणेल? सात वेळा वाचायला जिद्दच लागते. त्याचे कष्ट वाया जात होते, कारण त्याला दहा वर्षांच्या शाळेत कुणीही एकदाही अभ्यास कसा करायचा हे सांगितलं नव्हतं. 'अभ्यास कर' हे हजारदा सांगितलं होतं.

आणि हे काही गूढ ज्ञान नाही. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थी वापरतात त्या दहा पद्धती घेऊन प्रत्येकीमागचा पुरावा तपासला. पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं, म्हणजे आमच्या मुलांचा जवळजवळ सगळा अभ्यास, तळाच्या वर्गात गेला. वर आल्या दोनच पद्धती. पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणं, आणि एका बैठकीत न उरकता तोच भाग दिवसांचं अंतर टाकून पुन्हा हाती घेणं. त्याआधी २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी मुलांच्या एका गटाला उतारा परत वाचायला दिला, दुसऱ्याला तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे, तेही चांगल्या फरकानं. गंमत अशी की जास्त लक्षात राहील अशी खात्री परत वाचणाऱ्यांनाच अधिक होती. माझ्या त्या मुलानंही कोरा कागद पुढ्यात आल्यावर हेच गाऱ्हाणं केलं: "सर, वाचताना सगळं येतं, असं लिहायला बसलो की काहीच येत नाही." काहीच येत नाही हे आज कामतघरला कळणं बरं, की मार्चमध्ये परीक्षेच्या हॉलमध्ये, एवढंच मी त्याला विचारलं. त्याला ते पटलं असं नाही, पण कागद त्यानं घेतला.

ही पद्धत परदेशातून आयात केलेली आहे असंही समजू नका. भिवंडीच्या कुठल्याही मदरशात हिफ्ज करणारा, म्हणजे कुराण मुखोद्गत करणारा मुलगा बघा. त्याचा दिवस तीन भागांत वाटलेला असतो. नवा पाठ तो सबक, नुकतेच झालेले पाठ ती सबकी, आणि खूप आधी झालेलं, फिरून फिरून म्हणायचं ती मंजिल. तिन्ही उस्तादांसमोर तोंडी म्हणून दाखवायचं. अंतरानं उजळणी आणि न बघता आठवणं, दोन्ही त्यात आलं. तालुक्यातल्या आगरी गावांत हरिपाठाला बसणारी म्हातारी माणसं बघा; कित्येकांना शाळा ठाऊक नाही, अभंग मात्र एकही चुकत नाही, कारण रोज संध्याकाळी पुस्तकाविना म्हणायचा असतो. (घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्या आपल्या शिक्षणतज्ज्ञांनी इथे जरा थांबावं. अर्थ न समजता पाठ करणं वाईट हे कबूल, पण म्हणून आठवून सांगणंच मोडीत काढायचं काय कारण होतं?) ज्या गावाच्या मशिदीत आणि देवळात ही विद्या जिवंत आहे, त्याच गावाच्या शाळेत गुलाबी हायलायटरला अभ्यास म्हणतात.

आता जागेचं आणि वेळेचं. भिवंडी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सात लाखांच्या पुढे होती, आणि या शहराचं घड्याळ मागावर चालतं. पाळी बारा तासांची. दिवसपाळीचा बाप रात्री येतो, रात्रपाळीचा बाप दिवसा त्याच खोलीत झोपलेला असतो. त्याच्या उशाशी मोठ्यानं पाढे म्हणून बघा. भिंतीपलीकडे कारखाना असेल तर खडखडाट आहेच. मुलगी असेल तर पाणी भरणं, धाकट्याला सांभाळणं, आईनं घरी आणलेल्या कपड्यांचे धागे कापायला बसणं. तिला अभ्यासाला मिळतो तो वेळ म्हणजे सगळं उरकून उरलेला आणि सगळ्यांनी थकवलेला. अशा मुलीला पहाटे चारला उठायला सांगणाऱ्यानं ती किती वाजता झोपते हे आधी विचारलं पाहिजे. झोप तोडून पाठ केलेलं टिकत नाही, हेही त्याला कुणीतरी सांगायला हवं.

गरिबीचा ताण डोक्यातली जागा खातो हेही आता अंदाजानं बोलायची गोष्ट राहिलेली नाही. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला होता. तीच माणसं, तोच मेंदू. पण तोडणीआधी हात तंगीत असताना बुद्धीच्या चाचण्यांत ती कमी पडली आणि पीक विकल्यावर सुधारली. घरात भाड्याची, उधारीची, मंदीत बंद पडलेल्या मागांची चर्चा चालू असताना भूमितीचं प्रमेय डोक्यात शिरत नसेल, तर तो स्वभावाचा दोष नव्हे.

"पण यांनाच शिक्षणाची ओढ नाही हो," हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकलंय. पोरगा पंधराचा झाला की गोडाऊनमध्ये लावतात. लावतात हे खरं आहे. मानकोली, दापोडा, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात गोदामांची रांगच्या रांग उभी राहिली आणि तिथे रोजची हजेरी मिळते. पण पोरगं काय हिशेब करतं तो ऐका. मला एकानं सरळ सांगितलं होतं, "सर, माझा भाऊ बारावी झालाय, शेजारचा आठवी. दोघं एकाच गोडाऊनमध्ये, हजेरी सारखीच." याला ओढ नसणं म्हणत नाहीत, याला निरीक्षण म्हणतात. त्याला खोडून काढायचं तर दुसरं काहीतरी डोळ्यांना दिसायला लागेल. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञानं २०१२ मध्ये छापलेला प्रयोग असा आहे: दिल्लीच्या आसपासच्या काही खेड्यांत कॉल सेंटरसारख्या नोकऱ्यांसाठी मुलींची भरती करणारी माणसं तीन वर्षं पाठवली गेली. त्या गावांतल्या मुलींची लग्नं लांबली, त्या जास्त शिकल्या. कुणी त्यांना स्वप्न बघा म्हणून सांगितलं नव्हतं. एक दार प्रत्यक्ष उघडलं होतं आणि त्यातून कोण आत गेलं ते गावानं पाहिलं होतं.

इतकं वाचून काही जण मान डोलावतील, आणि त्यांचंही मला पटणार नाही. हे पुरोगामी मित्र म्हणतात की मग शेवटी सगळं परिस्थितीवरच आहे. जोवर यंत्रमाग कामगाराचं वेतन सुधारत नाही, घरं सुधारत नाहीत, तोवर शाळा काय करणार? हे ऐकायला न्यायाचं वाटतं, पण पाहुण्याच्या भाषणाइतकंच आळशी आहे. तो मुलाला दोष देऊन मोकळा होतो, हे व्यवस्थेला दोष देऊन. मुलाच्या पुढ्यात कोरा कागद ठेवायला दोघांपैकी कुणीच बसत नाही.

शाळेला काय करता येतं याचा दाखला भिवंडीपासून तासाभरावर आहे. 'प्रथम' या संस्थेनं मुंबईच्या महापालिका शाळांत 'बालसखी' नावाचा कार्यक्रम चालवला. वस्तीतलीच, शालेय शिक्षण झालेली एक तरुण मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन रोज सुमारे दोन तास बसायची आणि इयत्तेचा अभ्यासक्रम बाजूला ठेवून त्यांना जिथून येत नाही तिथून शिकवायची. तिला मिळणारं मानधन महिन्याला हजार रुपयांच्याही आत होतं. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात याची काटेकोर पाहणी झाली. करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. गुण स्पष्टपणे वाढले, आणि वाढले ते मुख्यत्वे तळाच्या मुलांचे. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरानं फायदा बराच ओसरला, हेही त्याच अहवालात आहे आणि ते लपवायचं कारण नाही. त्यातून निघतं एवढंच की हे काम एकदा करून सोडायचं नाही. त्या मुलांच्या खोल्या मोठ्या झाल्या नव्हत्या, बापाचा पगार वाढला नव्हता. कुणीतरी रोज दोन तास शेजारी बसत होतं.

या मुलांच्या बुद्धीबद्दल शंका असेल त्यानं २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास वाचावा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणारी मुलं गुंतागुंतीचे हिशेब तोंडी, बिनचूक करतात. तेच गणित शाळेच्या पद्धतीनं कागदावर मांडलं की अडतात. भिवंडीत हे दाखवायला बाजारापर्यंतही जावं लागत नाही. मीटरमागे मजुरी किती, आठवड्याचे मीटर किती, उचल किती वजा, हे बापाला करून देणारा सातवीतला मुलगा गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्यात नापास असतो. त्याला गणित येतं. शाळेला त्याचं गणित ओळखता येत नाही.

प्रेरणेला माझा विरोध नाही, हे नाइलाजानं स्पष्ट करतो, कारण कुणीतरी तसं म्हणणारच. नेटानं बसणारं मूल न बसणाऱ्यापेक्षा पुढे जातं, यात वाद नाही. कंटाळा आला तरी कागद पुढे ओढायला मनाची तयारी लागतेच. सोयी असलेल्या घरांतली मुलंही नापास होतात, तेव्हा नुसत्या सोयींनी भागत नाही हेही मान्य. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी बसायला जागा द्या, मग कसं बसायचं ते शिकवा, मग येऊ लागलं की जिद्द आपोआप वर येईल. नाही आली तर त्या वेळी खुशाल भाषण करा. मी स्वतः पाहुण्यांना हार घालीन.

तेव्हा भिवंडीतल्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना, मराठी, उर्दू, तेलुगू, सगळ्या माध्यमांच्या, माझं सरळ सांगणं आहे. यंदाच्या मार्गदर्शन शिबिराचा मंडप, पाहुण्यांची गाडी, शाल, नारळ आणि मानधन यांचा खर्च एका कागदावर मांडा. तेवढ्या पैशांत शाळेच्या दोन खोल्या संध्याकाळी सात ते दहा उघड्या ठेवायला किती लागतात ते बाजूला मांडा: शिपायाचा जादा वेळ, विजेचं बिल, आणि वस्तीतल्याच एखाद्या बी. ए. झालेल्या मुलीला दरमहा काही रक्कम. मुलींसाठी वेगळी खोली आणि घरी सोडायची व्यवस्था करा, नाहीतर त्या येणार नाहीत. नववीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाच्या शिक्षकानं एक तास फक्त एवढंच शिकवावं की माझ्या विषयाचा अभ्यास पुस्तक मिटून कसा करायचा. दर सोमवारी तासाची पहिली दहा मिनिटं गेल्या महिन्यातल्या धड्यावर, वही न उघडता, आणि गुण न देता. यातल्या कशालाही शासनाचा जीआर लागत नाही.

महापालिकेच्या शाळांच्या इमारती शहरभर आहेत आणि शाळा सुटली की त्यांना कुलूप लागतं. नगरसेवकांनी आपल्या प्रभागातल्या एका तरी शाळेचं कुलूप या दिवाळीनंतर संध्याकाळी उघडून दाखवावं. आणि वार्ताहर मित्रांनो, पुढच्या निकालाला त्या मुलीच्या घरी जरूर जा. तिला जिद्दीबद्दल विचारू नका. ती कुठे बसून अभ्यास करायची, किती वाजता, कुणी शिकवलं आणि घरातलं काम त्या वेळी कोण करत होतं, हे विचारा आणि तेच छापा.